बाईसाहेबांचे दात

दिवाणखान्यातले जाळीचे पडदे नाहीसे झाले, तेव्हा बाबांना आनंदच झाला. पडदे धुवायला टाकले असतील अशी त्यांची समजूत झाली, आणि धुतलेले पडदे परत लावायचं काम आपल्या गळ्यात पडू नये म्हणून त्यांनी चौकशीही केली नाही. पुढच्या रविवारी सकाळी ते पेपर वाचत बसले होते आणि पडदे त्यांच्यासमोरून चालत गेले.

पडद्यांच्या आत त्यांची मुलगी होती. वय पंधरा, घरातलं नाव बिट्टी. कमरेपासून खाली तिचा घेर असा काही फुगला होता, की स्वयंपाकघराच्या दारातून जायला ती तिरकी झाली आणि तिरकी झाल्यावरही घेर होता तेवढाच राहिला. डोक्याला हनुवटीखाली गाठ मारलेली झालरीची टोपी, पायांत गुडघ्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, हातात इवलीशी छत्री. घरात अर्थातच ऊन नव्हतं.

"कुठल्या नाटकात काम करतेस?" बाबांनी कौतुकाने विचारलं.

"नाटक नाही, बाबा. मी आता अशीच राहणार आहे."

"कधीपर्यंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती वाजेपर्यंत?"

बिट्टीने सुस्कारा सोडला आणि बाबांना समजावून सांगितलं. जपानातल्या एका रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मुलंमुली असे कपडे घालून हिंडतात. ती तिथली रस्त्यावरची फॅशन आहे. त्यात कुणासारखं दिसायचं नसतं, आपल्या मनातलं अंगावर घालायचं असतं. आपल्या मुलीच्या मनात दिवाणखान्याचे पडदे होते हे बाबांना नवीन होतं. "तिथे लोक काही बोलत नाहीत?" त्यांनी विचारलं. "फोटो काढतात," बिट्टी म्हणाली. "आपल्याकडेही काढतील," आईने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता सांगितलं. आई शाळेत गणित शिकवत असे, आणि या कटात ती सामील होती. बाबांनी नंतर तिला एकटीला गाठून जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "अहो, तिने घेरासाठी वर्तुळाचा परीघ स्वतः काढला. वर्षभर मी घसा फोडून सांगतेय तो. मी पडदे काय, चादरी पण दिल्या असत्या."

आता या घेरामुळे काय काय घडलं ते सगळं सांगत बसलं तर मूळ गोष्ट राहून जाईल, पण जिन्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांच्या इमारतीचा जिना अरुंद होता. बिट्टी उतरत असली की चढणाऱ्याला मागे फिरून तळमजल्यापर्यंत जावं लागे. समोरच्या बिऱ्हाडातले विमावाले दोनदा असे मागे फिरले आणि तिसऱ्यांदा घरी आले. त्यांना सल्ला द्यायला निमित्त लागत नसे. "कवळीवाले," ते म्हणाले, "मुलीला वेळीच आवरा. आज पडदे आहेत, उद्या सतरंजी असेल. माझ्या मेव्हण्याच्या मुलाने आधी केस रंगवले होते." "मग?" "मग काही नाही, बँकेत लागला. पण मेव्हण्याला किती त्रास झाला." तळमजल्यावरच्या नर्सबाईंचं मत उलट होतं. त्यांच्या मते एवढे कपडे घालणाऱ्या मुलीला थंडीवाऱ्याची भीती नाही आणि मुलाबिलांचीही नाही, कारण जवळ येणार कसे? हा मुद्दा बाबांना मनापासून पटला.

विमावाले बाबांना कवळीवाले म्हणत त्यात बाबांना गैर वाटत नसे. बाबा कवळ्याच बनवत. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्यांची खोली होती. तिथे मेण वितळायचं, साचे भरायचे, पॉलिशचं चाक फिरायचं, आणि लोकांचे जबडे नावाच्या चिठ्ठ्या लावून फळीवर वाट बघत बसायचे. गावातली निम्मी म्हातारी माणसं बाबांच्या दातांनी हसत आणि आभार डॉक्टरांचे मानत. या धंद्याची गंमतच अशी आहे की काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या लक्षात येत नाही. "काय सुरेख कवळी आहे" असं कुणी म्हटलं की समजायचं, कवळी फसली. बाबांच्या कवळीबद्दल तीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना याचा फार अभिमान होता, फक्त तो कुणाला सांगता येत नसे.

कपड्यांपाठोपाठ बाहुल्या आल्या. आधी जुन्या बाजारातल्या लहानसहान आल्या आणि पुस्तकांच्या कपाटात रांगेने बसल्या. बाबांचे शब्दकोश पलंगाखाली गेले. अर्थ अडला की बाबांना ओणवं व्हावं लागे, त्यामुळे त्यांनी अडणंच बंद केलं. मग बिट्टीने जाहीर केलं की या सगळ्या ठीक आहेत, पण खरी बाहुली वेगळीच असते. ती जपानातून येते, हातभर उंच असते, तिचा प्रत्येक सांधा वळतो, आणि ती येते तेव्हा तिला डोळे, केस, चेहऱ्याचा रंग यातलं काहीच नसतं. ते आपण करायचं. त्या बाहुलीसाठी बिट्टीने पुढचे सगळे वाढदिवस आईवडिलांना आगाऊ विकून टाकले. सौदा आईने केला, त्यामुळे बाबांना त्यात बोलायला जागा नव्हती.

एके दिवशी कामाच्या वेळी फोन आला.

"तुमच्या नावावर डोळे आलेत," पलीकडचा आवाज म्हणाला.

"आम्ही फक्त दात करतो," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तो पुन्हा वाजला. परदेशी पार्सलं सोडवतात त्या कार्यालयातून बोलत होते. बाबांनी ताबडतोब हजर व्हावं, कारण पार्सलात डोळे असून ते कुणाचे याचा खुलासा होत नव्हता.

पार्सलच्या साहेबांनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कामं सोडून उभी होती. "एक डोकं," साहेब म्हणाले. "त्याला केस नाहीत. डोळे नाहीत. डोळे वेगळ्या डबीत. अंगाला हात दोन आहेत, आणि पिशवीत आणखी दोन."

"बाहुली आहे, साहेब."

"म्हणजे खेळणं?"

"हो."

"डब्यावर लिहिलंय, लहान मुलांच्या हातात देऊ नये. लहान मुलांना द्यायचं नाही ते खेळणं कसं?"

"मग पुतळा म्हणा."

"पुतळ्याचे गुडघे वाकतात का?"

"मग सुटे भाग म्हणा."

"कशाचे?"

"बाहुलीचे."

"म्हणजे खेळणं," साहेब म्हणाले आणि खुर्चीला टेकले. शेवटी असं ठरलं की बाबांनी ती तिथल्या तिथे जोडून दाखवावी. जुळली तर बाहुली, नाही जुळली तर पुढचं पुढे. हे ऐकून बाबांना जरा हुशारी आली. हाताचं काम म्हटलं की बाबा वेगळे असत. त्यांनी बाह्या सरसावल्या. तिचे सांधे आतून एका जाड इलॅस्टिकने ओढून धरलेले होते, आणि ते ढिलं पडलंय हे बाबांच्या चटकन लक्षात आलं. त्यांनी ते चांगलं ताणून गाठ मारली. जरा जास्तच ताणलं असावं. कारण बाहुलीला टेबलावर बसवताक्षणी तिने उजवा पाय झाडला आणि साहेबांचा चहा साहेबांच्या मांडीवर गेला.

मग साहेबांनी रुमालाने पँट टिपली, बाहुलीला हातात घेऊन चष्मा वर सरकवला आणि तिच्या तोंडात बघितलं. तिचे ओठ किंचित उघडे होते. "हिला दात नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुमचा व्यवसाय?"

"कवळ्या बनवतो," बाबा हळू आवाजात म्हणाले.

साहेबांनी बाहुलीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

बाहुलीचा घरात मोठा थाट झाला. बिट्टीने तिचा चेहरा रंगवला, एकेक पापणी चिकटवली, केसांचा टोप चढवला, आणि आपल्याच पोशाखासारखा हुबेहूब छोटा पोशाख शिवला. बाबा बाहुलीला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांना ऊन चालत नसे, धूळ चालत नसे, आणि बाबांनी जेवणानंतर त्यांना हात लावलेला चालत नसे. बाबांना हे सगळं मान्य होतं. पण सोफ्यावर समोरासमोर बसायची वेळ आली की ते उघडे ओठ दिसायचे आणि आतला काळोख दिसायचा. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांसमोर एक बाई बोळक्या तोंडाने बसलीय, आणि आपण गावभर दात वाटत फिरतोय, हे त्यांना सहन होईना.

मग गावातल्या एका सभागृहात बाहुल्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा असल्याचं कळलं. बिट्टीने नाव घातलं आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. तिच्या शाळेत तिचे कपडे हा चेष्टेचा विषय होता हे बाबांना उशिरा कळलं, तेही आईकडून. या सभागृहात मात्र तिच्यासारखी सगळी जमणार होती. इथे तिला आपण वेडे नाही हे एकदा दाखवायचं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी तिने डोळे आणि केस काढून ठेवले आणि बाईसाहेबांना बाबांच्या हाती दिलं. "गुडघा अजून लाथ मारतो. तेवढा नीट करून द्या ना. तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही मी."

या शेवटच्या वाक्याची हवा बाबांच्या डोक्यात गेली. गुडघा चुटकीसरशी झाला. दुपारची सुट्टी अख्खी शिल्लक होती, आणि बाईसाहेबांचं डोकं चुंबकाने मागून उघडत होतं. म्हणजे ओठांच्या आतली बाजू समोर, उजेडात, न बोलणारी, न हलणारी. असा पेशंट बाबांना जन्मात मिळाला नव्हता.

त्यांनी मेणाचा ठसा घेतला. रंगांच्या पट्टीवरून बाईसाहेबांच्या वर्णाला शोभेल अशी छटा काढली. तांदळाच्या कणीएवढे दात घासून घासून बसवले. बाबांचा एक नेम होता: सगळे दात ओळीने सरळ बसवले की कवळी ओरडून सांगते की मी कवळी आहे, म्हणून एखादा दात किंचित वाकडा ठेवायचा. कुठला वाकडा ठेवायचा याचा त्यांना विचारही करावा लागला नाही, हात आपोआप वरच्या डाव्या सुळ्याकडे गेला. मधेच डॉक्टर डोकावले, बिनडोळ्यांचं डोकं बघून "हा पेशंट कधी आला?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. संध्याकाळी दात बाईसाहेबांच्या तोंडात होते. पक्के चिकटवलेले. आणि बाबा घरी येताना जिन्यावर शीळ घालत होते.

डोळे परत बसवायला म्हणून बिट्टीने डोकं उघडलं. बाबा दारात उभे राहिले, हात मागे बांधून.

"बाबा, हे काय आहे?"

"दात."

"कुणाचे?"

"तिचेच. उजेडात धर, मग दिसेल."

बिट्टीने उजेडात धरलं नाही. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "स्पर्धेचा नियम आहे, बाबा. बाहुलीवरचं सगळं काम मालकाने स्वतःच्या हाताने केलेलं लागतं. चेहरा मी केला. केस मी केले. कपडे मी शिवले. हे काढता येतील ना?"

"नाही," बाबा अभिमानाने म्हणाले. "माझं काम सुटत नाही." आणि मग, उशिरा, त्यांना तिचा चेहरा दिसला.

ती खोलीत गेली. दार आपटायचा तिचा विचार होता, पण घेर मधे येत राहिला आणि दार तीनदा अर्ध्यातून परत आलं. चौथ्यांदा तिने घेर हाताने आत ओढून घेतला आणि ते हळूच लावलं. आपटलं असतं तर बाबांना कमी लागलं असतं.

"तिला विचारलं होतंत?" आई म्हणाली.

"बाहुलीला काय विचारायचं?"

"बाहुलीला नाही हो."

त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत. ज्या एका माणसाने आपल्यावर विश्वास टाकला होता त्याच्याच कामात आपण न विचारता हात घातला, हे त्यांना कळत होतं आणि ते कसं सांगावं हे कळत नव्हतं. सकाळी बिट्टी बाहेर आली तेव्हा बाईसाहेबांच्या हातात झालरीचा एक छोटा पंखा होता आणि तो तोंडावर धरलेला होता. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "तोंड दाखवणार नाही." मग थोडं थांबून, "बरोबर मोठं माणूस लागतं. आणि त्यानेही तसेच कपडे घालायचे असतात. आईची परीक्षेची ड्यूटी आहे."

बाबा लगेच तयार झाले. पडद्याचा जो तुकडा उरला होता त्याची गळ्याला झालर झाली, आईच्या जुन्या जाकिटाचं जाकीट झालं आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे बिट्टीने स्वतःचे दिले. जिन्यात विमावाले भेटले. त्यांनी वाट दिली, भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि बाबांना विचारलं, "कवळीवाले, तब्येत बरी आहे ना?" बसमध्ये एक बाई बाबांना बसायला जागा देऊन उठली. तिला नेमकं काय वाटलं ते बाबांनी विचारलं नाही. बिट्टी वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

सभागृहात मात्र त्यांच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही, कारण तिथे सगळेच तसे होते. टेबलांमागे झालरी, टोप्या, छत्र्या आणि त्या सगळ्यांच्या पुढ्यात तशाच नटलेल्या बाहुल्या. बिट्टीच्या शेजारच्या मुलीने तिच्या टोपीची गाठ कशी मारली ते विचारलं, आणि बिट्टी भराभरा बोलायला लागली. बाबा मागे उभे राहून ते ऐकत होते. घरी ती इतकं कधी बोलत नसे.

परीक्षकबाई आल्या. जाड चष्मा, हातात बारकी टॉर्च, मागे दोन सहायक. त्यांनी पोशाखाची शिवण उलटून बघितली, पापण्या बघितल्या, मान डोलावली. मग म्हणाल्या, "पंखा बाजूला कर."

बिट्टीचा हात हलला नाही.

"कर ना."

पंखा बाजूला झाला. परीक्षकबाईंनी टॉर्च लावली आणि वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. सहायकही वाकले. "दात," एक जण पुटपुटला. बाईंनी विचारलं, "तू केलेस? तू केले असशील तर पहिला नंबर कुणाचा हे मला पुढची टेबलं न बघता सांगता येईल. फक्त हा डावा सुळा जरा वाकडा झालाय."

बिट्टीने तेव्हा पहिल्यांदा ते दात नीट बघितले. रागाच्या भरात तिने आत डोकावलंच नव्हतं. तो सुळा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात दिसणारा, फोटो काढताना ती ज्याच्यावर ओठ घट्ट मिटून घ्यायची तो. ती बघतच राहिली.

मागे बाबा जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, मी केले म्हण. त्यांचे दात जन्मभर दुसऱ्याच्या नावावर गेले होते. आणखी एकदा गेले तर काही बिघडणार नव्हतं, आणि या वेळी तर ते घरातच राहणार होते.

बिट्टीने मागे वळून बाबांकडे बघितलं, मग पुढे बघितलं, आणि पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी नाही केले. माझ्या बाबांनी केले. ते दात बनवतात. आणि सुळा वाकडा झालेला नाही, तो माझा आहे." आणि परीक्षकबाईंना नीट दिसावा म्हणून तोंडभर हसली.

बाईंनी टॉर्च आधी तिच्या तोंडावर धरली, मग बाहुलीच्या. "मग नियमाप्रमाणे तुला स्पर्धेत ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाच वाईट वाटत होतं.

"माहीत आहे," बिट्टी म्हणाली.

त्यानंतर ती दुपारभर तिथेच होती. टेबलासमोर माणसं येत होती, वाकत होती, आणि बिट्टी बाईसाहेबांचा पंखा खाली धरून प्रत्येकाला सांगत होती, "हे माझ्या बाबांनी केलेत. तेच ते, मागे उभे आहेत." लोक मान वर करून बघत. गळ्यात पडद्याची झालर आणि पायांत मुलीचे मोजे घातलेले बाबा प्रत्येकाला नमस्कार करत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल कुणी काही बोलत होतं, आणि हे काम फसलेलं आहे असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

संध्याकाळी दार आईने उघडलं. विमावाले तिथे बसलेच होते. निकाल ऐकल्याशिवाय त्यांचा पाय निघत नव्हता.

"काय झालं?" आईने विचारलं.

"बाद झालो," बाबा म्हणाले. ते त्यांनी छाती पुढे काढून, दोन मजले ऐकू जाईल असं सांगितलं, आणि विमावाले उठून त्यांचं अभिनंदन करून गेले.